दारामागचा नमुना

“संघा, ते दारामागनं हलीव. पोरगी त्येला धरून हुबी ऱ्हातीया.”

धोंडीरामआज्जा एवढंच म्हणाले होते आणि मी ते हसण्यावारी नेलं होतं. “आज्जा, जड आहे ते. पडत नाही,” असं म्हणून मी माझ्या लेकीच्या, तेजूच्या तोंडात मऊ भाताचा घास कोंबला होता. माझ्या नवऱ्याचे हे आजोबा बोलायचे कमी, आणि एकदा बोललेलं पुन्हा सांगायचे नाहीत. फौजेत होते ना. मला वाटलं, पोरीच्या पायावर पडेल म्हणून म्हणत असतील. तसल्या काळजीत मला मागं टाकणारं या घरात कुणी नव्हतं. टेबलाच्या कोपऱ्यांना मी स्पंज चिकटवला होता, गॅलरीच्या गजांना जुनी साडी गुंडाळली होती. दारामागचं ते लोखंडही सोडलं नव्हतं. त्याचं वरचं निमुळतं टोक तेजूच्या डोळ्याला लागेल म्हणून त्यावर लोकरीची लाल टोपी चढवली होती. माझ्या नणंदेच्या परदेशातल्या घरमालकिणीनं, नीनाआजीनं, तिच्यासाठी तिकडून विणून पाठवलेली, पण तिला फार मोठी होणारी टोपी.

ते लोखंड म्हणजे आमच्या फौंड्रीतला एक नमुना. ओतकामवाल्यांच्या घरात असले तुकडे असतातच. कुणाकडं लोणच्याच्या बरणीवर दाब म्हणून, कुणाकडं फाटकाला टेकू म्हणून. कोल्हापुरात, शाहूपुरीतल्या आमच्या हॉलचं दार वाऱ्यानं आपटायचं. प्रसेनजीत, माझा नवरा, एकदा शिरोलीच्या आमच्या फौंड्रीतून येताना नव्या ऑर्डरचा नमुना घेऊन आला आणि तो त्यानं दाराला लावला. पालथ्या तांब्यासारखा, पण वर टोकाकडं लांबत गेलेला.

“कसलं आहे हे?” मी विचारलं होतं.

“शेल बॉडी. पंपाची,” तो म्हणाला आणि मोजे काढायला लागला.

शेल या शब्दाला आमच्या घरात एकच अर्थ. गरम साच्यावर वाळू भाजून तिची पातळ खोळ करतात आणि त्या खोळीत लोखंड ओततात, ती खोळ म्हणजे शेल. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी भाकरी थापता थापता हे मला समजावलं होतं. मी इंग्रजी घेऊन बी. ए. झालेली. या शब्दाला आणखी कोणते अर्थ आहेत ते मला माहीत नव्हतं असं नाही. पण एखाद्या घरात राहिलं की त्या घरातलाच अर्थ खरा वाटायला लागतो.

*

बुद्धपौर्णिमेला अक्षता आली. माझी नणंद, प्रसेनजीतची धाकटी बहीण. तिकडं डॉक्टरकी शिकायला गेली होती आणि लढाई सुरू झाल्यावर अर्ध्यातून परत यावं लागलं होतं. आता पुण्यात राहिलेलं शिक्षण पुरं करत होती. तिकडच्या त्या देशाचं नाव आमच्या घरात कुणी घ्यायचंच नाही. ‘तिकडं’ म्हटलं की तेच.

दारातच तिनं तेजूला उचललं आणि दुसऱ्या हातानं फोन कानाला लावला.

“कुणाला गं लावतीस? आत तर ये,” सासूबाई म्हणाल्या. आम्ही सगळे त्यांना मम्मी म्हणतो.

“नीनाआजीला. चार दिवस झाले, उचलतच नाही.”

“झोपली असंल. तिकडं आता रात्र का दिवस?”

“मम्मी, एवढी झोपणारी बाई नाही ती.”

नीनाआजी म्हणजे अक्षता जिच्या घरात भाड्यानं राहायची ती म्हातारी. लढाईच्या पहिल्या आठवड्यात तिनं अक्षताला तळघरात आपल्याजवळ निजवलं, आपल्या वाटचं लोणचं तिला दिलं, आणि आमचा फोन लागला की स्वतः कॅमेऱ्यात येऊन मम्मींना म्हणायची, “मामा, नो क्राय.” मामा म्हणजे तिच्या भाषेत आई. मम्मींना तिची भाषा येत नव्हती आणि तिला मम्मींची. तरी दोघी तासतासभर बोलायच्या. एकीनं पातेलं दाखवायचं, दुसरीनं पातेलं दाखवायचं. मम्मींनी तिला कांदा-लसूण चटणी पाठवली होती. तिनं ती सूपमध्ये चमचाभर घातली, ठसका लागून डोळ्यांतून पाणी काढलं, आणि दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्यात रिकामी पुडी हलवून आणखी मागितली.

आम्ही पांढरे कपडे घालून मूर्तीपुढं बसलो. दार उघडं होतं, त्यामुळं दारामागचं काही दिसत नव्हतं. मेणबत्त्या लावल्या. आज्जा परेडवर असल्यासारखे ताठ बसले आणि पंचशील म्हणायला लागले. दरवर्षी त्यांच्या पाठोपाठ मोठा आवाज असतो तो माझ्या सासऱ्यांचा, अतुलपप्पांचा. फौंड्रीत भट्टीच्या आवाजावरून बोलायची सवय, त्यामुळं वंदनेच्या वेळीही ते ओरडल्यासारखेच म्हणतात.

त्या दिवशी पहिल्याच शीलाला तो आवाज आला नाही.

प्राणिमात्राच्या हत्येपासून दूर राहीन, एवढंच ते पहिलं शील. मी डोळा किलकिला केला. पप्पांचे ओठ हलत होते, पण गळ्यातून काही निघत नव्हतं. दुसऱ्या शीलाला ते पुन्हा नेहमीसारखे गरजले. मी प्रसेनजीतकडं बघितलं. तो सतरंजीचा दोरा ओढत होता. आणि आज्जा, डोळे मिटलेले आज्जा, किंचित मान हलवत होते. एखादी गोष्ट कळलीय, पण तिच्याबद्दल बोलायचं नाही, अशी.

*

पप्पांचं त्या क्षणी काय झालं ते त्यांनी मला नंतर सांगितलं, तेही चहा गाळता गाळता, माझ्याकडं न बघता.

त्यांना डोळ्यांपुढं आज्जांचा जुना कप दिसला होता. फौजेतून आल्यावर आज्जा शिरोलीला एका फौंड्रीत वॉचमन होते. तिथं त्यांचा कप वेगळा असायचा, खिडकीच्या बाहेरच्या बाजूला, पालथा. एकाहत्तरच्या लढाईतनं लंगडत आलेल्या माणसाचा कप. लहानगा अतुल डबा द्यायला जायचा तेव्हा तो कप बघायचा. पुढं त्याच औद्योगिक वसाहतीत त्यानं स्वतःची भट्टी पेटवली, आणि पहिल्या दिवशी कामगारांसाठी सगळे एकसारखे कप आणले. ट्रॅक्टरचे भाग ओतून ओतून कशीबशी फौंड्री चालत होती. मग ट्रॅक्टरवाल्यांनी हात आखडला. तिसरी पाळी बंद करायची वेळ आली, आणि नेमकी तेव्हाच ही ऑर्डर आली. परदेशी जाणारा माल. गुंडू फिटरनं पेढे वाटले होते. तिसऱ्या पाळीतल्या ज्ञानूनं पोरीचं लग्न ठरवलं होतं.

“शील म्हणताना आवाज मुद्दाम दाबला न्हाई मी,” पप्पा म्हणाले. “आला न्हाई बघ.”

*

खिरीच्या वाट्या फिरायला लागल्या तेवढ्यात प्रसेनजीतचा फोन वाजला. पुण्याचा एजंट. दुसऱ्या, मोठ्या लॉटला आज होकार द्यायचा होता.

“हां साहेब. घरीच आहे... नाही, आज सांगतो की. पप्पांना विचारून लगेच.” तो गॅलरीत गेला.

“सणाच्या दिवशीपण?” अक्षता म्हणाली. “दादा पार साहेब झाला.”

“त्याच्यामुळंच पाळी चालू हाय, त्याला काय बोलू नको,” मम्मींनी मुलाची बाजू घेतली. “तुझी फी कुठनं गेली? तिथनंच की.”

तेजू मांडीवरून उतरून रांगत दारामागं गेली. तिचं ते आवडतं ठिकाण. दोन्ही हातांनी नमुन्याला मिठी मारून उभी राहिली आणि टोपी ओढली. टोपी निघून आली तशी ती धपकन बसली आणि टोपी तोंडात घालून हसायला लागली.

अक्षता तिला उचलायला गेली आणि मध्येच थांबली. वाकलेली, हात पुढं केलेले, तशीच.

“हे घरात कुणी आणलं?”

“पंपाची बॉडी आहे गं,” मी म्हणाले. “दार आपटतं म्हणून.”

“वैनी, पंपात पाणी एकीकडनं येतं आणि दुसरीकडनं जातं. ह्याला दुसरी वाट कुठाय?” तिनं तेजूला उचलून माझ्या हातात दिलं, जवळजवळ फेकलंच. “आमच्या अंगणात, झोपाळ्याजवळ, असलंच एक पडलं होतं. फुटलंच नाही ते. शेपटी वर करून मातीत रुतून बसलं होतं. सकाळी पोरं खेळायला येतील म्हणून नीनाआजीनं त्याच्यावर बादली पालथी घातली. निळी बादली. मी रोज खिडकीतनं ती बादली बघायचे.”

मी तेजूच्या तोंडातल्या टोपीकडं बघितलं.

प्रसेनजीत गॅलरीतून आत आला, आणि खोलीकडं बघूनच त्यानं फोन खिशात टाकला.

“दादा, हे काय आहे?”

“शेल बॉडी.”

“कुठलं शेल? वाळूचं का तोफेचं?”

त्यानं नमुन्याकडं बघितलं. मग म्हणाला, “मला पहिला लॉट गेल्यावर कळलं. आईशप्पत. त्याआधी मी पंपच समजत होतो. ड्रॉइंगवर शेल बॉडी लिहिलेलं, आणि आपण काय, शेल म्हटलं की वाळू.”

“आणि मग? सांगितलं का न्हाईस?”

“पप्पा किती खूश होते तुला माहीत नाही.”

पप्पा वाटी खाली ठेवून म्हणाले, “मला नमुना हातात घेतल्यावरच समजलं. तुलाच माहीत न्हाई असं वाटलं, म्हणून बोललो न्हाई. पोराचं पहिलं मोठं काम.”

“मला दारात बघितल्यावं,” आज्जा म्हणाले.

“आणि मला तुमच्या तिघांची तोंडं बघून,” मम्मी म्हणाल्या. “मी काय खुळी हाय? इतकी वर्षं वाळू भाजली मी.”

म्हणजे या घरात न कळलेली मी एकटीच राहिले होते. मला हसू यायला लागलं आणि त्याच वेळी तेजूला मी इतकं घट्ट धरलं की ती किंचाळली.

*

पुढचं भांडण मोठ्या आवाजातच झालं. आमच्याकडं मऊ आवाजात कुणी भांडत नाही.

“आपण रिकामं भांडं देतो,” प्रसेनजीत म्हणाला. “त्यात दारू आपण भरत नाही, उडवत नाही. माल तिसऱ्याच देशात जातो. तो पुढं कुणाला देतो, आपल्याला काय कळणार?”

“लढणाऱ्या दोघांनाही देत असेल,” अक्षता म्हणाली. “तुला माहितेय तिकडं काय चालतं? वर गोळे पडत होते ना, तेव्हा जमिनीखालनं एकाचा गॅस दुसऱ्याच्या मुलखातनं बिनबोभाट जात होता. पैसे पोचत होते. त्या पाइपला कुणी धक्का लावायचा नाही. शाळेला लावायचे, दवाखान्याला लावायचे, पाइपला नाही. नीनाआजी म्हणायची, आपण पाइपवर राहायला गेलं पाहिजे.”

“मग हे मी थांबवू? शिरोलीत बसून?”

“मी तुला थांबव म्हटलं का?”

“मग काय म्हणतीयस? आपण नाही म्हटलं तर शेजारच्या शेडमध्ये ओततील. एजंटनं आत्ताच सांगितलं, दुसरी पार्टी तयार आहे. माल जायचा तो जाणारच. जाणार नाही ती फक्त आपली तिसरी पाळी. ज्ञानूकाकाला तू सांगणार आहेस?”

अक्षता पुन्हा फोन लावायला लागली. आम्हाला सगळ्यांना ती रिंग ऐकू येत होती.

मम्मी उठून आत गेल्या. मी तेजूची बाटली भरायच्या निमित्तानं मागं गेले. त्या ओट्यापाशी उभ्या राहून खीर ढवळत होत्या, आणि खालचा गॅस बंद होता.

“प्रसेनचं चुकलं असं मला म्हणवत न्हाई,” त्या म्हणाल्या. “पोरगं बापासाठी राबलंय. पण संघा, परवा चटणीची पुडी बांधून ठेवलीया मी नीनासाठी. आता ती पाठवताना माझा हात चालंल का?” फडताळातल्या पुडीवर त्यांनी बोट ठेवलं. “एका हातानं चटणी पाठवायची आणि दुसऱ्या हातानं...” आणि त्या तशाच ओल्या हातानं बाहेर जाऊन अक्षताशेजारी बसल्या. प्रसेनजीतनं बघितलं, आई कुठं बसली ते.

मग आज्जा बोलले.

“माझ्या मांडीत तुकडा हाय, ठावं हाय न्हवं?”

ठाऊक होतं. पावसाळ्यात ते तिथं हात ठेवून बसायचे.

“त्येंच्या तोफा बी विलायती, आमच्या बी विलायती. दवाखान्यात पडलोतो तवा शेजारचा सुभेदार म्हणायचा, धोंड्या, एकाच दुकानातनं दोघांनी माल घेतलाय बघ. हसायचो आमी.” त्यांनी मांडी चोळली. “गोळा टाकणाऱ्याचा मला कदी राग आला न्हाई. त्यो माझ्यावानीच, हुकमाचा ताबेदार. पर ज्येनं ह्यो गोळा वतला, त्यो कसा असंल, आसं लई वाटायचं. त्येला काय वाटत असंल? दात विचकून हसत असंल का? इतकी वर्सं म्या त्येचं तोंड डोळ्यांम्होरं आणायचा परयत्न केला. येईना.”

ते पप्पांकडं वळले. आवाजात राग नव्हता. त्यांना मुलाशी इतक्या मायेनं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते.

“आता कळलं, कसा असतोय. आपल्या अतूसारका असतोय. चांगला असतोय. समद्यास्नी सारक्या कपात च्या देतोय.”

पप्पांनी चेहरा दोन्ही हातांत घेतला. प्रसेनजीत उठून त्यांच्याजवळ गेला, पण हात कुठं ठेवावा ते त्याला कळेना, म्हणून नुसता उभा राहिला.

“मी नगं म्हणत न्हाई, अतू. फौज माझी भाकरी हुती, मी कोन सांगनार? पर तुजा आवाज आला न्हाई सकाळी. तेवडं मला बरं वाटलं न्हाई.”

*

पप्पांनी तोंडावरचे हात काढले आणि मला विचारलं, “संघा, तेजूचा खडू कुठाय?”

मी खेळण्यांच्या डब्यातून पिवळा खडू काढून दिला. पप्पा दारामागं गेले, गुडघ्यावर बसले. नमुन्यावरून तळवा फिरवला, जसा ते फौंड्रीत प्रत्येक नव्या मालावरून फिरवतात, कुठं भोक, कुठं चीर लागते का बघत. मग त्याच्या पोटावर खडूनं मोठी फुली मारली.

आमच्या धंद्यात त्या फुलीला एकच अर्थ. रिजेक्ट. तो माल पुढं जात नाही, परत भट्टीत जातो.

“पप्पा, त्यात दोष नाही,” प्रसेनजीत म्हणाला.

“न्हाईच. माल चोख हाय. तू चांगला केलास.”

“मग काय उपयोग? शेजारचा ओतणारच.”

“उपयोगाचं मला म्हाईत न्हाई, बाळ.” पप्पा दाराला धरून उठले. “पुढच्या पौर्णिमेला मला पहिलं शील म्हणायचं हाय. मोठ्यानं.”

प्रसेनजीतनं खाली मान घातली. “तिसऱ्या पाळीला कोण सांगणार?”

“मी सांगणार. आज तू एजंटाला सांग, उद्या मी ज्ञानूला सांगतो. त्येच्या पोरीचं लगीन आपण करायचं, ते बी त्येला सांगतो.”

प्रसेनजीत गॅलरीत गेला. फोनवर तो काय बोलला ते ऐकू आलं नाही, पण फार वेळ लागला नाही. मी तेजूला घेऊन त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले. तो साडी गुंडाळलेल्या गजांना कपाळ लावून उभा होता.

“मला वाटलं होतं, भिंतीवर पप्पांचा फोटो लागेल. पहिला एक्स्पोर्टर म्हणून,” तो म्हणाला. “वसाहतीच्या ऑफिसात.”

तेजूनं त्याच्या नाकाला हात लावला. मी तिला त्याच्या हातात दिलं. दुसरं काय देणार होते?

आम्ही आत आलो तेव्हा अक्षतानं लाल टोपी धुऊन दोरीवर घातली होती. तेजू दारामागच्या रिकाम्या जागेकडं बोट दाखवून रडत होती. तिला तिचं लोखंड हवं होतं. ते तोवर गाडीच्या डिकीत होतं, सकाळी भट्टीत जाण्यासाठी. दार वाऱ्यानं पुन्हा आपटायला लागलं होतं. कुणी उठलं नाही.

पहिला लॉट मात्र कधीच गेला होता. त्यावर कुणाला फुली मारता येणार नव्हती. तो कुठं उतरला, कुणी भरला, कुणावर पडला, हे आम्हाला कळायला मार्ग नाही. अक्षता फोन लावत राहिली. रिंग पूर्ण वाजायची आणि तुटायची. मम्मी दर वेळी म्हणायच्या, “कानानं कमी ऐकती ती. परत लाव.”

म्हणून मी इथं कथा बाजूला ठेवून तुम्हाला विचारते. आपल्या कोल्हापूरची, सांगलीची कितीतरी मुलं अजून तिकडं शिकतात. तुमचं कुणी असेल, भाचा, पुतणी, शेजाऱ्याचा मुलगा, तर त्याला एवढं सांगाल का? पिवळी ट्राम शेवटी जिथं वळते तिथली पाच मजली इमारत, नीनाआजीची. अंगणात झोपाळा आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत रंगाच्या रिकाम्या डब्यात लाल फुलं लावलेली असतात. बेल चालत नाही. दार जोरात वाजवायला सांगा, दोन-तीनदा वाजवायला सांगा, तिला ऐकू कमी येतं. आणि दार उघडलं, तर म्हणावं, कोल्हापूरच्या मामानं विचारलंय, चटणी संपली का?